नावं न सांगणारा डिटेक्टिव्ह

'सिन सिटी' बघितलाय का? पूर्ण नसेल, तर निदान क्लिप्स तरी नजरेखालून गेल्याच असतील. २००५ चा सिनेमा, रॉबर्ट रॉड्रिगेझ आणि फ्रँक मिलर या दोघांचा. मिलरने १९९१ पासून काढलेल्या ग्राफिक नॉव्हेलवरून जवळपास फ्रेम टू फ्रेम उचललेला. सगळं काळं-पांढरं, मधेच एखादा लालभडक ड्रेस, एखादा पिवळाजर्द खलनायक. रक्तसुद्धा कित्येकदा पांढरं दिसतं. नट हिरव्या पडद्यासमोर उभे राहिले आणि त्यांच्यामागचं शहर नंतर कॉम्प्युटरवर तयार झालं. हाडं मोडतात, डोकी फुटतात, आणि तरी नजर हटत नाही. कुणाला तो भारी वाटतो, कुणाला किळसवाणा.

हा सगळा थाट बाजूला केला, तर खाली एक जुनी गोष्ट सापडते. नासलेलं शहर. पोलीस, पुढारी, पैसेवाले एकाच माळेचे मणी. आणि त्यात एक थकलेला माणूस, ज्याला जग सुधारायचं नाहीये, पण स्वतःचा एक नियम मोडायचा नाहीये. सिनेमातला हार्टिगन आठवा. म्हातारा पोलीस, एका मुलीचा जीव वाचावा म्हणून तोंड मिटून आठ वर्षं तुरुंगात काढतो.

ही गोष्ट मिलरच्या साठेक वर्षं आधी कागदावर उतरली होती. उतरवणारा माणूस होता सॅम्युअल डॅशिएल हॅमेट. उंच, काटकुळा, क्षयाने पोखरलेला, दारूत बुडालेला. त्यानेही एकदा तोंड मिटलं होतं, भर कोर्टात. त्यासाठी तो खरोखर तुरुंगात गेला.

पोरगा कामाला लागतो

हॅमेटचा जन्म २७ मे १८९४ चा, अमेरिकेतल्या मेरिलँड राज्यातला, शेतावरच्या घरातला. लहानपण फिलाडेल्फिया आणि बाल्टिमोरमध्ये गेलं. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे चौदाव्या वर्षाच्या आसपास शाळा सुटली ती कायमची. पेपर टाकणं, रेल्वेच्या ऑफिसात निरोप पोचवणं, मिळेल ते काम. तुम्ही आत्ता ज्या वयात सेमिस्टरच्या सबमिशनला शिव्या घालताय, त्या वयात त्याच्या खात्यावर अर्धा डझन नोकऱ्या जमा होत्या.

१९१५ मध्ये, एकविसाव्या वर्षी, त्याला पिंकर्टन एजन्सीत काम मिळालं. पिंकर्टन म्हणजे त्या काळातली अमेरिकेतली सगळ्यात मोठी खासगी डिटेक्टिव्ह कंपनी. ऐकायला एकदम फिल्मी वाटतं, पण काम रटाळ होतं. तासन् तास कुणाच्या तरी मागे चालायचं, हॉटेलच्या लॉबीत पेपर तोंडासमोर धरून बसायचं, गोड बोलून माणसाकडून माहिती काढायची. कोण, कुठे, कुणाबरोबर? थोडक्यात, नावं काढणं हाच धंदा.

आणि या धंद्याची एक काळी बाजू होती. पिंकर्टनचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे खाणमालक आणि कारखानदार. कामगारांनी संप केला की तो मोडायला पिंकर्टनची माणसं पाठवली जायची. १ ऑगस्ट १९१७ ला मोंटाना राज्यातल्या ब्यूट या तांब्याच्या खाणींच्या गावात फ्रँक लिटल नावाच्या कामगार पुढाऱ्याला रात्री झोपेतून उठवून नेलं आणि रेल्वेच्या पुलाला फाशी दिलं. मारेकरी कधीच सापडले नाहीत. लिटलला मारण्यासाठी आपल्याला पाच हजार डॉलर देऊ केले होते, असं हॅमेटने पुढे लिलियन हेलमनला सांगितलं आणि तिने ते आपल्या आठवणींत लिहून ठेवलं. ही हकिकत कितपत खरी, यावर त्याच्या चरित्रकारांचं एकमत नाही. पण पुढे त्याने लिहिलेलं वाचलं की एवढं नक्की कळतं की, कुणाच्या पगारावर कोण कुणाला मारतं हे त्याने जवळून बघितलं होतं.

खाटेवरून टाइपरायटरकडे

१९१८ मध्ये तो सैन्यात गेला, अ‍ॅम्ब्युलन्सच्या तुकडीत. परदेशातल्या लढाईपर्यंत पोचलाच नाही. त्या वर्षी जगभर पसरलेल्या फ्लूने त्याला छावणीतच गाठलं आणि पाठोपाठ क्षय झाला. त्या काळी क्षयावर औषध नव्हतं. आराम, स्वच्छ हवा आणि नशीब, एवढंच.

टॅकोमाच्या हॉस्पिटलमध्ये जोसेफीन डोलन ही नर्स भेटली. १९२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दोघांनी लग्न केलं, त्याच वर्षी पहिली मुलगी झाली. हॅमेटने पुन्हा पिंकर्टनचं काम धरून बघितलं, पण शरीर साथ देईना. जिना चढताना दम लागणारा माणूस पाळत कशी ठेवणार? नोकरी गेली. घरात बायको, तान्हं मूल आणि सैन्याची तुटपुंजी पेन्शन.

मग त्याने आपल्याजवळ जे होतं तेच विकायला काढलं, म्हणजे डिटेक्टिव्हगिरीचा अनुभव. १९२२ पासून त्याच्या गोष्टी छापून यायला लागल्या. 'ब्लॅक मास्क' हे त्याचं मुख्य मासिक. स्वस्त, खरखरीत कागदावर छापलेलं, शब्दाला काही सेंट मोजणारं. असल्या मासिकांना तिकडे 'पल्प' म्हणतात, साहित्याच्या दरबारात त्यांना उभंही करत नसत. मधल्या काळात एका सराफाच्या दुकानासाठी त्याने जाहिरातीही लिहिल्या, पण १९२६ मध्ये ऑफिसातच रक्ताची उलटी होऊन तो कोसळला. त्याच वर्षी दुसरी मुलगी झाली. क्षयाचा संसर्ग लेकरांना होऊ नये म्हणून आरोग्य खात्याच्या नर्सने बायको-मुलींना वेगळं राहायला सांगितलं. त्या शहराबाहेर राहायला गेल्या, हा एका खोलीत खोकत टाइपरायटर बडवत राहिला. तो संसार पुन्हा नीट असा कधी जुळलाच नाही.

खुनाचा हिशोब

हॅमेटच्या आधीच्या रहस्यकथेचं एक ठरलेलं घर असायचं. म्हणजे मोठा बंगला, लायब्ररीत प्रेत, संशयित सहा, आणि शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून उलगडा करणारा हुशार गृहस्थ. खून हे कोडं होतं, शब्दकोड्यासारखं. हॅमेटने तो खून बंगल्यातून उचलला आणि रस्त्यावर आणून ठेवला. त्याच्या गोष्टींत माणसं पैशासाठी, सत्तेसाठी, भीतीपोटी मारतात आणि मारताना विशेष हुशारही नसतात. रेमंड चँडलर हा याच पठडीतला पुढचा मोठा लेखक. त्याने १९४४ मधल्या एका लेखात या बदलाचं श्रेय स्पष्टपणे हॅमेटला दिलं.

त्याचा पहिला नायक 'कॉन्टिनेन्टल ऑप'. या माणसाला नावच नाही. बुटका, जाडा, चाळिशीचा पगारी डिटेक्टिव्ह. तो कमी बोलतो, भावना सांगत नाही, फक्त काय घडलं ते सांगतो. दार उघडलं, बंदूक दिसली, मी खाली वाकलो, अशा थाटात. नॉयर सिनेमांतला तो कोरडा, खर्जातला व्हॉइसओव्हर ऐकलाय ना? त्याची मुळं इथे आहेत.

१९२९ मध्ये 'रेड हार्वेस्ट' ही पहिली कादंबरी पुस्तकरूपात आली. ऑप एका खाणगावात येतो. गावाचं नाव पर्सनव्हिल, पण लोक त्याला पॉयझनव्हिल म्हणतात. खाणमालकाने संप मोडायला गुंड आणले, संप मोडला, पण गुंड गेलेच नाहीत, गाव त्यांनी वाटून घेतलं. ब्यूटची आठवण झाली ना? ऑप या टोळ्यांना एकमेकांच्या अंगावर सोडतो आणि प्रेतांचा ढीग पडत जातो.

या कादंबरीत खून इतके आहेत की मोजदाद सुटते. म्हणजे 'सिन सिटी'च्या हिंसेचं हे थेट पणजोबाचं घर. फरक एकाच ठिकाणी आहे. कादंबरीच्या मध्यावर ऑप थांबतो आणि कबूल करतो की आपल्याला या मारामारीची चटक लागत चालली आहे. आधी काम म्हणून करत होतो, आता मजा यायला लागलीय आणि याचीच भीती वाटतेय. या रक्ताच्या झिंगेसाठी हॅमेटने वापरलेला शब्द कोएन बंधूंनी १९८४ मध्ये आपल्या पहिल्या सिनेमाला नाव म्हणून दिला : 'ब्लड सिंपल'.

'सिन सिटी'त हिंसा दिसायला देखणी आहे, आणि मारणाऱ्या नायकाला तिचा पश्चात्ताप क्वचितच होतो. हॅमेटकडे प्रत्येक खुनाचं बिल येतं, आणि ते नायकाच्या नावावरच फाडलेलं असतं. त्याला स्टाइल येत नव्हती असं अजिबात नाही. उलट त्याच्याइतकी घट्ट, धारदार वाक्यं तेव्हा फार कुणी लिहीत नव्हतं. पण मार खाल्लेल्या माणसाचं अंग दुसऱ्या दिवशी कसं ठणकतं, हे त्याला माहीत होतं.

१९३० मध्ये 'द माल्टीज फाल्कन' आली. तिचा नायक सॅम स्पेड. त्याच्या पार्टनरचा खून होतो. गंमत म्हणजे स्पेडला तो पार्टनर आवडतही नव्हता, वर त्याच्या बायकोशी स्पेडचं लफडं. तरीही पार्टनर मारला गेला तर काहीतरी करावं लागतं, एवढ्या एका नियमावर स्पेड ठाम राहतो. का, ते त्यालाही धड सांगता येत नाही. १९४१ मध्ये जॉन ह्यूस्टनने यावर सिनेमा केला, हम्फ्री बोगार्टला घेऊन. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये असे अमेरिकन सिनेमे एकदम पॅरिसला पोचले, आणि तिथल्या समीक्षकांनी त्या अंधाऱ्या सिनेमांना 'नॉयर', म्हणजे काळा, हे नाव दिलं.

कॉमिक्सवालाही हाच

ग्राफिक नॉव्हेलवाल्यांसाठी एक खास गोष्ट. १९३४ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या पेपरांत 'सीक्रेट एजंट एक्स-९' ही रोजची चित्रपट्टी सुरू झाली. चित्रं अ‍ॅलेक्स रेमंडची, 'फ्लॅश गॉर्डन'वाला तोच. आणि मजकूर डॅशिएल हॅमेटचा! म्हणजे नॉयर आणि कॉमिक्स यांची सोयरीक मिलरने जुळवलेली नाही, ती हॅमेटच्या हयातीतच झाली होती. हॅमेट त्या पट्टीत फार काळ टिकला नाही, पण पट्टी टिकली. अनेक लेखक-चित्रकार बदलत ती पुढची कित्येक दशकं चालली आणि फिल कॉरिगन या नावाने तिचा नायक आपल्या इंद्रजाल कॉमिक्समध्येही आला. घरात आई-बाबांचे जुने अंक असतील तर वेताळ आणि मॅन्ड्रेकच्या गठ्ठ्यात कॉरिगन शोधून बघा.

त्याच वर्षी 'द थिन मॅन' ही त्याची पाचवी कादंबरी आली, सिनेमाही आला आणि तुफान चालला. पैसा धो धो आला आणि तसाच गेला, हॉटेलं, पार्ट्या, दारू यात. लिलियन हेलमन ही नाटककार १९३० मध्ये त्याच्या आयुष्यात आली होती. 'थिन मॅन'मधल्या हजरजबाबी नवरा-बायकोच्या जोडीवर या दोघांची छाप आहे. हेलमनच्या पहिल्या गाजलेल्या नाटकाचा विषयही त्यानेच सुचवला.

हा माणूस साधा-सरळ नव्हता, हे इथेच सांगायला हवं. बायको-मुलींना पैसे कधी पाठवायचा, कधी विसरायचा. १९३२ मध्ये एका अभिनेत्रीने त्याच्यावर हल्ल्याचा आणि जबरदस्तीच्या प्रयत्नाचा दावा लावला. त्याने बचावही केला नाही आणि कोर्टाने तिला अडीच हजार डॉलर भरपाई मंजूर केली. नॉयरमधल्या बायका एक तर सापळा असतात नाहीतर बळी, ही तक्रार आज आपण 'सिन सिटी'बद्दल करतो. ती करताना या पठडीचा जन्मदाता कसा वागत होता, हेही माहीत असलेलं बरं.

आणि १९३४ नंतर त्याची एकही कादंबरी आली नाही. तो जगला पुढे सत्तावीस वर्षं. लिहायला बसायचा, पानं फाडायचा. 'ट्यूलिप' नावाची एक कादंबरी अर्धवटच राहिली.

दुसरी पाळी

लेखणी थांबली, तसा हॅमेट राजकारणात शिरला. तिशीच्या दशकात फॅसिझमच्या विरोधात उभं राहता राहता तो कम्युनिस्ट पक्षात गेला. एकेकाळी संप मोडणाऱ्या कंपनीचा नोकर आता कामगारांच्या बाजूने उभा होता. इथेही तो प्रत्येक वेळी बरोबर नव्हता. स्टालिनने मॉस्कोत आपल्याच साथीदारांवर चालवलेल्या खटल्यांना पाठिंबा देणाऱ्या १९३८ मधल्या पत्रकावर त्याची सही आहे.

१९४२ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, खराब फुप्फुसं घेऊन तो पुन्हा सैन्यात भरती झाला, साधा शिपाई म्हणून. त्याला पाठवलं अलास्काजवळच्या अ‍ॅल्युशियन बेटांवर, जिथे वारा, धुकं आणि चिखल याशिवाय काही नाही. तिथल्या अ‍ॅडॅक बेटावर १९४४ पासून त्याने सैनिकांसाठी एक दैनिक चालवलं. सैन्यात तेव्हा गोरे-काळे वेगवेगळ्या तुकड्यांत असत, पण या पेपरात दोघे एकत्र काम करत होते.

९ जुलै १९५१

युद्ध संपलं आणि अमेरिकेत कम्युनिस्टांची धरपकड सुरू झाली. हॅमेट तेव्हा 'सिव्हिल राइट्स काँग्रेस' या संघटनेच्या जामीन निधीचा एक विश्वस्त होता. राजकीय खटल्यांत अडकलेल्यांचा जामीन या निधीतून भरला जायचा, आणि निधीत अनेक सामान्य लोकांनी आपले पैसे ठेवले होते. १९४९ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या अकरा पुढाऱ्यांना शिक्षा झाली. अपील चालू असेपर्यंत त्यांना बाहेर ठेवण्यासाठी निधीने २ लाख ६० हजार डॉलर भरले. १९५१ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने शिक्षा कायम केली. जुलैत हजर व्हायच्या दिवशी अकरापैकी चौघे गायब झाले. त्यांच्या जामिनाचे ८० हजार डॉलर जप्त झाले.

सरकारला दोन गोष्टी हव्या होत्या. पळालेले कुठे आहेत, आणि निधीला पैसे देणारे कोण आहेत. ९ जुलैला न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात हॅमेटला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं केलं. प्रश्नांमागून प्रश्न आले. त्याने एकाचंही उत्तर दिलं नाही. बैठकीच्या कागदांवरची आद्याक्षरं त्याचीच आहेत का, हेसुद्धा सांगितलं नाही. आपल्याच जबाबाने आपण अडकू नये, या घटनेतल्या हक्काचा आधार घेत तो प्रत्येक वेळी नकार देत गेला.

पैसे देणाऱ्यांची नावं बाहेर आली असती तर काय झालं असतं, ते त्या काळात सगळ्यांना ठाऊक होतं. कुणाची शिक्षकाची नोकरी गेली असती, कुणाचं स्टुडिओतलं काम, कुणाचा पासपोर्ट. हेलमनने पुढे लिहिलं की त्याला ती नावं मुळात माहीतच नव्हती. म्हणजे मला माहीत नाही, एवढं म्हणून तो कदाचित सुटलाही असता. पण कुणाशी संबंध ठेवायचा हे आपलं आपण ठरवायचं, पोलिसांनी किंवा न्यायाधीशांनी नाही, असं तो तिला म्हणाला होता. एकेकाळी पगार घेऊन लोकांची नावं काढणारा माणूस आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होता.

कोर्टाच्या अवमानाबद्दल सहा महिन्यांची शिक्षा झाली. केंटकीतल्या अ‍ॅशलँडच्या तुरुंगात ५७ वर्षांच्या हॅमेटला संडास-बाथरूम धुण्याचं काम मिळालं. चांगल्या वर्तणुकीची सूट मिळून पाचेक महिन्यांनी, डिसेंबरात तो सुटला, तेव्हा तब्येत पार ढासळली होती.

खरी शिक्षा बाहेर वाट बघत होती. सॅम स्पेडची रेडिओ मालिका बंद झाली, बाकीच्याही गेल्या. आयकर खात्याने एक लाखाहून जास्त डॉलरची थकबाकी काढली आणि त्याच्या कमाईवर टाच आली. १९५३ मध्ये सिनेटर जोसेफ मॅकार्थीच्या समितीने त्याला बोलावलं. परदेशातल्या अमेरिकन ग्रंथालयांत याची पुस्तकं कशाला, हा मुद्दा होता. कम्युनिझमशी लढताना तुम्ही अशी पुस्तकं विकत घेतली असती का, असं विचारल्यावर त्याने सांगितलं की आपल्याला तशी लढाई लढायची असती, तर आपण लोकांना कुठलीच पुस्तकं दिली नसती.

नंतर न्यूयॉर्कजवळच्या कटोना गावात मित्रांनी दिलेल्या छोट्या घरात तो राहिला, शेवटची काही वर्षं हेलमनच्या घरी. १० जानेवारी १९६१ ला फुप्फुसाच्या कॅन्सरने त्याचा मृत्यू झाला. दोन्ही महायुद्धांतला सैनिक म्हणून त्याला आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत जागा मिळाली, ज्या देशाने दहा वर्षांपूर्वी त्याला तुरुंगात टाकलं त्याच देशाच्या सैनिकांशेजारी.

कुठून सुरू कराल?

हॅमेटच्या कादंबऱ्या फक्त पाच आहेत. सुरुवात 'द माल्टीज फाल्कन'ने करा, जमलं तर १९४१ चा सिनेमा त्याआधी बघू नका. मग 'रेड हार्वेस्ट'. ती वाचून झाली की कुरोसावाचा 'योजिम्बो' (१९६१) बघा, एकटा माणूस दोन टोळ्यांना झुंजवतो तो खेळ ओळखीचा वाटेल. त्याच गोष्टीवरून सर्जिओ लिओनीने १९६४ मध्ये क्लिंट ईस्टवुडला घेऊन 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' केला. कोएन बंधूंचा 'मिलर्स क्रॉसिंग' (१९९०) तर हॅमेटच्या 'द ग्लास की'ला सरळ नमस्कार घालतो.

आणि मग 'सिन सिटी' पुन्हा लावा. हार्टिगन तुरुंगात मार खात गप्प बसतो, त्या सीनपाशी जरा थांबा. तिथे पिवळ्या खलनायकाची गरज नाही, पांढऱ्या रक्ताचीही नाही.